दार निखळले की दोषी शेवटचा हात!

चाकण औद्योगिक पट्ट्यातील निघोजे येथे पाळी सुटली की रस्त्यावर माणसांचा लोंढा उतरतो. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर सॅक, हातात डब्याची पिशवी. एकाच गेटमधून तीन प्रकारची माणसे बाहेर पडतात. कायम कामगार, कंत्राटी कामगार आणि 'ट्रेनी'. तिघांच्या हाताला ग्रीस एकच लागलेले असते. फरक असतो तो कार्डात, पगाराच्या चिठ्ठीत आणि उद्या कामावर घेतील की नाही या काळजीत.

काही महिन्यांपूर्वी अशाच एका संध्याकाळी एक तरुण आमच्याकडे कागदांची पिशवी घेऊन आला. मराठवाड्यातला, आय.टी.आय. फिटर. येथील एका लहान कारखान्यात तो 'ट्रेनी' होता. कारखान्याचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही, कारण प्रकरण चालू आहे. मोटारीच्या दाराची बिजागरी ज्या ब्रॅकेटवर बसते, ते ब्रॅकेट तेथे तयार होतात. एक लॉट मोठ्या कंपनीने परत पाठवला. भोके सरकलेली होती. दुसऱ्याच दिवशी या तरुणाला घरी बसवले. कारण काय, तर चेकशीटवर त्याची सही होती.

"जयभीम साहेब. सही माझीच आहे," तो म्हणाला. "पण सही पाळी सुरू होतानाच घेतात. फिक्स्चरची पिन झिजली आहे हे मी दोनदा सांगितलं होतं. सांगितल्याचा कागद कुठून आणू?"

हा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. म्हणून आज आम्ही एका वेगळ्याच दाराविषयी लिहीत आहोत. विमानाच्या दाराविषयी. वाचक म्हणतील, आमच्या वस्तीतल्या किती लोकांनी विमानाचे दार जवळून पाहिले आहे? प्रश्न रास्त आहे. पण ते दार आता आपल्या देशात बनू लागले आहे. एअरबसच्या ए-३२० निओ विमानांचे सामानाच्या कप्प्याचे दरवाजे बनवण्याचे काम २०२३ साली टाटा समूहाच्या कंपनीला मिळाले, ते हैदराबादला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ए-२२० विमानाचे सगळे दरवाजे बनवण्याचे काम बंगळुरूच्या डायनामॅटिक कंपनीला मिळाले. आपल्या नागपुरात तर याआधीच काम सुरू झाले होते. बोइंग ७८७ विमानात ज्या जमिनीवर प्रवाशांच्या खुर्च्या उभ्या असतात, त्या जमिनीच्या आडव्या तुळया मिहानमध्ये बनवण्याचा करार २००८ साली झाला. फाल्कन जातीचे छोटे विमान नागपुरातच जुळवण्याची घोषणा जून २०२५ मध्ये झाली.

मोटारीच्या दारावर हात बसलेल्या चाकणच्या पट्ट्याकडे हे काम आज ना उद्या वळेल अशी आशा येथील कारखानदार धरून आहेत. निघोजे येथे ज्या महिंद्रा समूहाच्या मोटारी तयार होतात, त्याच समूहाचा विमानाचे भाग बनवणारा कारखाना कर्नाटकात नरसापूरला आहे. काम आले तर चांगलेच आहे, आमचा त्याला विरोध नाही. पण ते काम ज्या हातांनी होणार आहे त्या हातांचे काय, हा प्रश्न आम्ही आधीच विचारून ठेवतो.

मोटारीचे दार आणि विमानाचे दार यांत फरक काय? मोटारीच्या दाराला आतून कोणी ढकलत नाही. विमानाच्या दाराला आतली हवा ढकलते. विमान ३५ ते ४० हजार फुटांवर उडते, तेव्हा बाहेरची हवा इतकी विरळ असते की माणूस तीत जगू शकत नाही. म्हणून आत दाब राखावा लागतो. आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दर चौरस इंचाला सुमारे ८ पौंड असतो. आकडा लहान वाटतो. पण दाराचे क्षेत्रफळ दीड चौरस मीटर धरून हिशेब करा. एकूण भार ८ टनांच्या वर जातो. म्हणजे निघोजेतून बाहेर पडणाऱ्या चार मोठ्या मोटारी एकावर एक रचून दाराला टेकवल्यासारखे झाले.

हा भार एकट्या कडी-कोयंड्यावर टाकायचा नाही, हे दाराची रचना करणाऱ्याचे पहिले सूत्र. प्रवाशांच्या दारांत बहुधा अशी व्यवस्था असते की दाराच्या कडेचे खुंट चौकटीच्या खुंटांवर आतून टेकतात. आतली हवा जितकी जोर करील तितके दार घट्ट बसते. असे दार उघडायचे तर आधी थोडे आत किंवा वर सरकवावे लागते आणि मगच बाहेर ढकलता येते. उंचावर उडत्या विमानात कोणी माथेफिरूने दार उघडायचे म्हटले तरी ते उघडत नाही, ते यामुळेच. सामानाच्या मोठ्या दाराचे तसे नसते. ते आत उघडले तर सामानाची जागा जाते, म्हणून ते बाहेर उघडतात. तेथे सारा भार खिट्यांवर येतो. खिट्या पूर्ण बसल्या की नाही हे सांगणारी दुसरी कडी असते, आणि ती कडी खरे बोलते की खोटे यावर शेकडो जीव अवलंबून असतात.

ती कडी खोटे बोलली की काय होते ते जगाने ३ मार्च १९७४ रोजी पाहिले. तुर्की एअरलाइन्सचे डीसी-१० विमान पॅरिसहून लंडनला निघाले आणि काही मिनिटांतच मागच्या सामानाच्या कप्प्याचे दार उडाले. खालच्या कप्प्यातली हवा एका क्षणात बाहेर गेली. वरच्या प्रवासी कक्षातली हवा तशीच राहिली. त्या दाबाने मधली जमीन खचली, खुर्च्यांसह सहा माणसे बाहेर फेकली गेली, आणि जमिनीखालून जाणाऱ्या विमान वळवण्याच्या तारा तुटल्या. एर्मनोनव्हिलच्या जंगलात ते विमान कोसळले. ३४६ माणसे मेली. जमिनीची तुळई, खुर्ची आणि दार या तीन वेगळ्या वस्तू नाहीत, हे त्या दिवशी कळले.

मग शोध सुरू झाला, दोषी कोण? बोट सर्वांत आधी गेले ते ऑर्ली विमानतळावर सामान चढवणाऱ्या कामगाराकडे. तो अल्जीरियातून पोटासाठी आलेला माणूस. दार त्यानेच लावले होते. दाराशी सूचनेची पाटी होती, ती इंग्रजी आणि तुर्की भाषेत. त्या कामगाराला तीन भाषा येत होत्या, पण नेमक्या या दोन येत नव्हत्या. खिट्या बसल्या का हे पाहण्यासाठी दारात एक छोटे भोक ठेवले होते. त्यातून काय पाहायचे हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. तरीही अडाणी हमालाने दार नीट लावले नाही, अशी गोष्ट काही दिवस जगभर फिरली.

खरी गोष्ट दोन वर्षे आधी घडली होती. १२ जून १९७२ रोजी कॅनडातील विंडसर शहरावर अशाच दुसऱ्या विमानाचे हेच दार उडाले होते. विमानात माणसे थोडी होती म्हणून जमीन पूर्ण खचली नाही, आणि वैमानिकाने विमान कसेबसे उतरवले. त्यानंतर सक्तीचा सरकारी आदेश निघायला हवा होता. तो निघाला नाही. कंपनीचा प्रमुख आणि अमेरिकेच्या विमान खात्याचा प्रमुख यांच्यात तोंडी समझोता झाला आणि आदेशाऐवजी साधे परिपत्रक निघाले. ज्या उपकंत्राटदार कंपनीने विमानाचा सांगाडा व दार बनवले, तिच्यातील डॅन ऍपलगेट या अभियंत्याने २७ जून १९७२ रोजी लेखी इशारा दिला की ही दारे पुढेही उघडतील आणि विमान जाईल. वरिष्ठांनी तो इशारा पुढे पाठवला नाही. का? पाठवला तर दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न उभा राहिला असता!

आणि याहून भयंकर गोष्ट पुढे आहे. पॅरिसला पडलेल्या त्या विमानाच्या दाराला आधाराची पट्टी बसवायची होती. कारखान्याच्या कागदांवर ती बसवल्याची नोंद होती, तपासनिसांचे शिक्के होते. प्रत्यक्षात पट्टी बसवलेलीच नव्हती. कागद म्हणत होता काम झाले. हाताने ते केलेच नव्हते.

हा एकच प्रसंग असता तर आम्ही एवढे लिहिले नसते. २४ फेब्रुवारी १९८९ रोजी होनोलुलूहून निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या जंबो विमानाचे सामानाचे दार उडाले आणि ९ प्रवासी खुर्च्यांसह आकाशात फेकले गेले. सरकारी तपासाने पहिल्या अहवालात जमिनीवरच्या हाताळणीकडे आणि देखभालीकडे बोट दाखवले. मृतांपैकी एका तरुणाच्या आईवडिलांनी ते मानले नाही. न्यूझीलंडचे ते साधे कुटुंब स्वतः कागद गोळा करीत फिरले. पुढे समुद्राच्या तळातून ते दार वर काढले गेले. १९९२ साली अहवाल बदलावा लागला. दोष विजेच्या बिघाडाचा आणि मऊ धातूच्या कमकुवत कडीचा होता. मोटर आपोआप फिरली आणि कडी तिला अडवू शकली नाही. हमाल निर्दोष ठरला, पण तीन वर्षांनी!

आता आतल्या वस्तूंकडे येऊ. खुर्च्या, डोक्यावरचे कप्पे, चहा-नाश्त्याची गॅली, भिंतीचे पत्रे. ही सगळी काढता-घालता येणारी जोडणी. पाहणाऱ्याला ती सजावट वाटते, पण तिच्यावर जीव टांगलेले असतात. विमानाच्या जमिनीत रुळासारख्या पट्ट्या असतात, त्यांना ठरावीक अंतरावर गोल भोके असतात. खुर्चीचे पाय त्या भोकांतून आत घालून सरकवायचे आणि खिटीने अडकवायचे. एका रात्रीत खुर्च्या काढता याव्यात म्हणून ही सोय. पण अपघाताच्या धक्क्यात त्याच खुर्चीने स्वतःच्या वजनाच्या सोळा पट जोर सहन केला पाहिजे, असा अमेरिकेतला नियम १९८८ साली आला. ८० किलोचा माणूस त्या क्षणी १,२८० किलोचा होतो. तो भार खुर्चीतून रुळावर, रुळातून तुळईवर आणि तुळईतून सांगाड्यावर जातो. म्हणजे नागपुरात ज्याने तुळई घडवली, त्याच्या हातावर तो प्रवासी बसलेला असतो.

२०१२ साली अमेरिकन एअरलाइन्सच्या काही विमानांत उडत असताना खुर्च्यांच्या ओळी सुटल्या. कंपनी आणि कामगार संघटना यांच्यात तेव्हा तंटा चालू होता. लगेच कुजबुज सुरू झाली की हा कामगारांचा घातपात. घातपात नव्हता, असे कंपनीलाच सांगावे लागले. खुर्चीच्या पकडी नीट बसत नव्हत्या आणि सांडलेल्या पेयांचा चिकटा साचून खिट्या अडत होत्या, असे कारण पुढे आले. येथेही संशयाची सुई पहिल्यांदा कोणाकडे वळली ते ध्यानात घ्या.

आता अगदी अलीकडची घटना घेऊ. ५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेतील पोर्टलँडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मॅक्स ९ विमानात सुमारे १५ हजार फुटांवर भिंतीचा एक मोठा तुकडा उडून गेला. ज्या ठिकाणी जादा दार लागत नाही तेथे झाकण बसवतात, ते हे झाकण. सुदैवाने लगतच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, म्हणून कोणी मेले नाही. झाकण सापडले ते एका शिक्षकाच्या परसात. त्याला वर सरकू न देणारे चार बोल्ट असतात. ते चारही बोल्ट नव्हते.

कसे नव्हते? सप्टेंबर २०२३ मध्ये कारखान्यात जवळचे काही खराब रिव्हेट दुरुस्त करायचे होते. त्यासाठी झाकण उघडावे लागले. ते कोणी उघडले, कोणी लावले, याची नोंदच नाही. दार-पथकात असे झाकण ज्याने पूर्वी उघडले होते असा एकच माणूस, आणि तो त्या दिवशी रजेवर. बाकीच्यांनी घाईत ते लावले, बोल्ट राहून गेले. नंतर आतला शोभेचा पत्रा बसला आणि सगळे झाकले गेले. ते विमान दीडशेहून अधिक उड्डाणे करीत राहिले. प्रत्येक उड्डाणात झाकण थोडे थोडे वर सरकत होते.

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने निष्कर्ष काढला. पाना हातात धरणाऱ्या एखाद्या कामगारावर त्यांनी दोष ठेवला नाही. कामगारांना पुरेसे प्रशिक्षण, मार्गदर्शन आणि देखरेख देण्यात बोइंग कमी पडली, आणि सरकारी विमान खात्याची तपासणीही कुचकामी ठरली, असे मंडळ म्हणाले. पन्नास वर्षांत एवढा तरी शहाणपणा आला म्हणायचा!

दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहा. डीसी-१० च्या बाबतीत कागदावर काम होते, हाताने केलेले नव्हते. मॅक्स ९ च्या बाबतीत हाताने काम केले होते, कागदावर नव्हते. दार उडाले ते हात आणि कागद यांच्यामधल्या फटीतून. आणि आमच्या निघोजेच्या तरुणाचे प्रकरण याच फटीतले आहे. त्याची सही कागदावर आहे, त्याचा इशारा कागदावर नाही. मोटारीच्या ब्रॅकेटमध्ये यातून एक लॉट परत आला. विमानाच्या ब्रॅकेटमध्ये यातून काय होईल?

म्हणूनच आम्ही म्हणतो की विमानाचे काम आणायचे असेल तर केवळ महागडी यंत्रे आणून भागणार नाही. विमानाच्या प्रत्येक सुट्या भागाला क्रमांक असतो, धातू कोणत्या भट्टीतला येथपासून बोल्ट किती जोराने आवळला येथपर्यंत नोंद ठेवावी लागते. ही नोंद खरी कधी राहील? जेव्हा नोंद करणाऱ्याला खरे लिहिण्याची भीती वाटणार नाही तेव्हा. ज्याचे काम उद्या राहील की नाही हे ठेकेदाराच्या मर्जीवर आहे, तो 'पिन झिजली आहे' असे चेकशीटवर लिहील काय? आम्ही वकील म्हणून सांगतो, लिहिणार नाही. तो सही करील आणि घरी जाईल. दोष त्याच्या स्वभावाचा नाही, त्याला मिळालेल्या नेमणूकपत्राचा आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराची जी व्याख्या होती तिच्यात शिकाऊ उमेदवारासह असे शब्द होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यातील औद्योगिक संबंध संहितेच्या व्याख्येत १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील उमेदवार वगळून असे शब्द आले. 'सह' गेले, 'वगळून' आले. तसे १९६१ च्या कायद्याच्या कलम १८ नेच शिकाऊ उमेदवाराला कामगार कायद्यांच्या बाहेर ठेवले होते. त्याचा वाद औद्योगिक न्यायाधिकरणाकडे नाही, तर कलम २० प्रमाणे शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे जातो.

पण येथेच एक बारीक गोष्ट आहे, ती आमच्या तरुणांनी पाठ करून ठेवावी. शिकाऊ उमेदवार कोणाला म्हणायचे? ज्याचा करार कलम ४ प्रमाणे शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नोंदलेला आहे त्याला. नुसते 'ट्रेनी' असे पत्रावर छापल्याने कोणी शिकाऊ होत नाही. नोंदणी नसेल आणि तुम्ही कायम कामगाराच्या शेजारी उभे राहून तेच उत्पादन काढत असाल, तर तुम्ही कामगार आहात असे म्हणण्याचा तुमचा हक्क शाबूत आहे. आमच्या तरुणाच्या पत्रावर नोंदणी क्रमांक नव्हता. आम्ही तो लेखी मागितला. आजपर्यंत मिळालेला नाही.

याच कायद्यात आणखी एक कलम आहे, कलम ३ अ. १९७३ च्या दुरुस्तीने ते आले. ठरवून दिलेल्या प्रत्येक व्यवसायात मालकाने अनुसूचित जाती व जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवल्या पाहिजेत, असे ते सांगते. पुढे कलम ३ ब ने इतर मागासवर्गीयांसाठीही तशी तरतूद झाली. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही असे आपण सगळे म्हणतो. नोकरीत नाही, हे खरे. पण खासगी कारखान्यातील शिकण्याच्या जागेत ते पन्नास वर्षांहून अधिक काळ कायद्यात आहे! ३० किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतले पाहिजेत, असाही नियम आहे. चाकण पट्ट्यात कलम ३ अ चा हिशेब कोणी मागितला आहे काय? आमच्या वकिलीत तरी तो हिशेब मागणारा आम्हाला भेटलेला नाही. विमानाच्या दाराचे काम पुस्तकात शिकता येत नाही. ते जाणत्या कारागिराच्या शेजारी उभे राहून शिकावे लागते. म्हणून शिकण्याची जागा ज्याला मिळाली, पुढचे काम त्यालाच मिळणार. ती जागा आज मागितली नाही तर उद्या हे काम आले तरी आपल्या पोरांच्या वाट्याला गेटबाहेरचे पॅकिंगच येईल.

बाबासाहेबांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले, ते त्यांच्या कारकिर्दीत. आणि १९४२ मध्येच सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य तरुणांसाठी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिष्यवृत्त्यांबरोबर सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवारीची मागणी केली होती. त्या काळात रेल्वेचा कारखाना म्हणजे आजचा विमानाचा कारखाना. जातीने या देशात वाचणारा आणि राबणारा असे दोन भाग पाडले. ज्याने वाचायचे त्याच्या हाताला माती लागायची नाही आणि ज्याच्या हाताला माती लागायची त्याने वाचायचे नाही. ऑर्लीच्या कामगाराला न वाचता आलेली ती पाटी आठवा. आपल्या कारखान्यांत मराठवाडा, विदर्भ, बिहार, ओडिशा येथली पोरे राबतात आणि कामाची सूचनापत्रे इंग्रजीत टांगलेली असतात. जुन्या फॅक्टरी ऍक्टच्या कलम १०८ मध्ये कायदेशीर सूचना बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेतही लावण्याचे बंधन होते. बोल्ट कसा आवळायचा हे सांगणाऱ्या कागदाला मात्र असे बंधन नव्हते.

आणखी एक उणीव आहे. अमेरिकेत २००० साली कायदा झाला. विमान उद्योगातील कामगाराने, कंत्राटी असला तरी, सुरक्षेबाबत तक्रार केली म्हणून त्याला काढता येत नाही. तेथेही सगळे गोड नाही. बोइंगमधील जॉन बार्नेट या तपासनिसाने तक्रार केली, त्याचा दावा वर्षानुवर्षे चालला आणि मार्च २०२४ मध्ये दाव्याच्या जबानीचे काम चालू असतानाच त्याचा मृत्यू झाला. तरीही तेथे दावा करण्याची जागा आहे. आपल्याकडे २०१४ साली जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला, तो सरकारी कारभारापुरता, आणि तोही अंमलात आणण्याचे राहून गेले. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत कामगाराला स्वतःच्या जिवाला धोका दिसला तर सांगण्याचा हक्क आहे. पण त्याने बनवलेल्या वस्तूमुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे, हे सांगणाऱ्याला त्यात आसरा नाही. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. बाराव्या तासाला आवळलेला बोल्ट आणि दुसऱ्या तासाला आवळलेला बोल्ट सारखाच असतो, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा पाना हातात धरून पाहावा.

आमच्या मागण्या साध्या आहेत. ज्या कामावर प्रवाशांचा जीव अवलंबून आहे, ते काम कंत्राटी आणि ट्रेनी हातांवर सोपवू नये. चेकशीटवर 'ठीक' या रकान्याशेजारी 'हरकत' असा रकाना असावा, आणि हरकत लिहिणाऱ्याला पोच मिळावी. कामाची सूचना कामगाराच्या भाषेत असावी. कलम ३ अ प्रमाणे किती जागा भरल्या याचा फलक गेटवर लागावा. विमान कंपन्यांना जागा, वीज, करात सवलत देताना सरकारने या अटी करारात घालाव्यात. सवलत जनतेच्या पैशातून जाते, मग अट घालण्याचा अधिकारही जनतेचा आहे.

आणि तोपर्यंत निघोजे, कुरुळी, महाळुंगे, खराबवाडीच्या खोल्यांत राहणाऱ्या आमच्या पोरांना एवढेच सांगणे आहे. काम करण्याआधी सही करू नका. करावीच लागली तर वेळ टाका. नेमणूकपत्रावर नोंदणी क्रमांक आहे का ते आजच पाहा. रोज खोलीवर आल्यावर वहीत चार ओळी लिहा, कोणते यंत्र, काय बिघडले, कोणाला सांगितले. तारीख घाला. न्यायालयात अशी वही उभी राहते, हे आम्ही पाहिले आहे.

आमच्याकडे आलेला तो तरुण आता अशी वही ठेवतो. सध्या तो दुसरीकडे, कमी पगारावर कामाला आहे. गेल्या आठवड्यात वही दाखवायला आला होता. पहिल्याच पानावर त्याने फिक्स्चरच्या पिनचे चित्र काढले होते आणि खाली लिहिले होते, 'ही बदला, असे मी सांगितले.'